थ्री हंड्रेड विन मॅगला ब्रेक लावू का नको? मत सांगा मंडळी

डेन्व्हरचा_पुणेकर:
नमस्कार. रेमिंग्टन ७०० च्या लाँग अ‍ॅक्शनवर (लांब काडतुसांसाठीची बोल्टची यंत्रणा) रायफल बांधून घेतोय, कॅलिबर .३०० विन्चेस्टर मॅग्नम, नळी २४ इंची, कार्बन फायबरचा स्टॉक, स्कोप धरून वजन ८ पौंडांच्या आसपास जाईल. काम एकच, कोलोरॅडोत एल्कची (मोठ्या हरणाची) शिकार, डोंगर चढून जायचं म्हणून वजन कमी ठेवलंय. गनस्मिथ विचारतोय की नळीच्या तोंडाला आटे पाडू का, म्हणजे मझल ब्रेक (गॅस बाजूला वळवून दणका कमी करणारा भोकांचा तुकडा) बसवता येईल. मित्राची याच कॅलिबरची हलकी रायफल मी चालवली, चौथ्या-पाचव्या राउंडला मी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागलो होतो आणि खांदा दोन दिवस दुखत होता, त्यामुळे ब्रेक लावावा असं मनात पक्कं होत आलंय. विचार असा की रेंजवर ब्रेक लावून सराव करायचा आणि शिकारीला जाताना ब्रेक काढून नुसती आटे झाकणारी टोपी लावायची. कुणी असं केलंय का? आणि कुठल्या प्रकारचा घ्यावा?

आडवा_नेमबाज:
लावा, दुसरा विचारच करू नका. मी टेक्सासात प्रिसिजन रायफलच्या मॅचेस खेळतो, आमच्या लायनीत बहुतेकांच्या नळीला ब्रेक नाहीतर सप्रेसर (आवाज दाबणारी नळी) असतोच. आणि खांदा वाचतो हे त्याचं खरं कारण नाहीच, खरं कारण म्हणजे रायफल जागेवरून हलत नाही, स्कोपमधून आपलीच गोळी कुठे पडली ते आपल्याला दिसतं, धूळ डावीकडे उडाली की उजवीकडे ते बघून दुसरी गोळी लगेच दुरुस्त करून मारता येते. शिकारीतही तेच, पहिली गोळी मारल्यावर एल्क कुठे गेला, लागली का नाही, हे तुम्हाला दिसलं पाहिजे आणि ब्रेक नसेल तर त्या क्षणी तुमच्या स्कोपमध्ये आभाळ असतं. घेताना फक्त खालच्या बाजूला भोकं नसलेला घ्या. चहूबाजूंनी भोकं असलेला गोल ब्रेक लावून जमिनीवर आडवं पडून मारलं की एवढा धुरळा उठतो की काही सेकंद समोरचं काही दिसत नाही. डावी-उजवीकडे मोठ्या खिडक्या असलेला घ्या, सेल्फ टायमिंगवाला, म्हणजे मागचा नट सैल करून ब्रेक बरोबर सरळ करायचा आणि नट आवळायचा, झालं. माझ्याकडे एरिया ४१९ चा हेलफायर आहे, समाधानी आहे.

कोल्हापुरी_बावीस:
आडवा नेमबाज, मॅचचं शास्त्र शिकारीला लावू नका हो. मी गावाकडे .२२ वर शिकलो, ५० मीटर प्रोन (आडवं पडून) मारायचो. आयएसएसएफच्या (नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमात रायफलला मझल ब्रेक चालतच नाही आणि .२२ ला त्याची गरजही नाही, काडतुसात दारू असते ती एक-दोन ग्रेन (वजनाचं छोटं माप). पण त्यामुळे एक गोष्ट अंगात भिनली की चाप कसा ओढायचा हे आधी शिका, वस्तू नंतर लावा. पुणेकर, तुम्हाला .३०० मॅग झेपत नाही हे तुमचं तुम्हीच लिहिलंय ना? मग कॅलिबर बदला. ६.५ क्रीडमूर घ्या, त्याच ८ पौंडांच्या रायफलमध्ये दणका निम्म्याहून कमी बसेल आणि ३०० यार्डांच्या आतला एल्क त्याने नीट पडतो, गोळी चांगली वापरा आणि जागेवर मारा एवढंच. ब्रेक लावून न झेपणारी बंदूक झेपवायची हा उलटा मार्ग झाला.

लेथवाला:
दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण आकडे बघितल्याशिवाय हा वाद सुटत नाही. .३०० विन मॅगमध्ये १८० ग्रेनची गोळी ढकलायला ७० ग्रेनच्या आसपास दारू जळते, तिचा गॅस गोळीच्या मागोमाग तोंडातून निघतो आणि त्याचा वेग गोळीच्या साधारण दीडपट असतो. म्हणजे खांद्यावर जे येतं त्यातला तिसरा हिस्सा तरी नुसत्या गॅसचा आहे, आणि ब्रेक पकडतो तो एवढाच हिस्सा, गोळीचा दणका त्याच्या हातात नाही. फक्त तो गॅस आडवा आणि थोडा मागे वळवतो म्हणून रायफल पुढे ओढली जाते. दारू जेवढी जास्त तेवढा ब्रेक कामाचा, म्हणून मॅग्नमवर फरक डोळ्यात भरतो. हिशेबाने तुमच्या रायफलचा दणका २५ फूट-पाउंडांच्या वर जातो, हलकी रायफल आहे, तुम्ही डोळे मिटता यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता कामाचं. नळी कुठल्या जाडीची सांगितलीय ते आधी बघा. ५/८-२४ चा (५/८ इंच व्यास, इंचाला २४ आटे) आटा पाडायचा तर नळी तोंडाशी पाऊण इंच जाड असलेली बरी, म्हणजे ब्रेकला टेकायला नीट खांदा मिळतो. हलक्या स्पोर्टर नळीचं तोंड ०.६ इंचाच्या आसपास असतं, तिथे ५/८ बसणारच नाही, मग ९/१६-२४ करावा लागतो. कुणी १/२-२८ सुचवलं तर .३० कॅलिबरला नको म्हणा, आट्याच्या आत भिंत फार पातळ उरते. आटे नळीच्या बाहेरच्या गोलाईवरून नाही, आतल्या भोकावरून सेंटर करून पाडायचे. माझ्या लेथवर एक रायफल आली होती, दुसरीकडे आटे पाडून आणलेली, मी आतून सरळ रॉड घातला तर तो ब्रेकच्या शेवटच्या पडद्याच्या एका कडेला जवळजवळ टेकत होता. दुसऱ्या बाजूला मोकळी जागा आणि या बाजूला गोळी घासून गेल्याची तांब्याची चकचकीत रेघ. मालक सहा महिने ग्रुप (कागदावरचा गोळ्यांचा घोळका) का फाटतोय म्हणून वेगवेगळी काडतुसं बदलत बसला होता. गोळीच्या व्यासापेक्षा ब्रेकचं भोक साधारण २० थाउ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाउ) मोठं हवं, आणि ते चारी बाजूंनी सारखं मोकळं हवं.

आणि ब्रेक काढून शिकारीला जायची कल्पना मला पटत नाही. तोंडावरचं वजन बदललं की नळीचं थरथरणं बदलतं, गोळी दुसरीकडे पडते. किती सरकेल ते रायफलगणिक वेगळं. करायचंच तर ब्रेकसह आणि टोपीसह, दोन्ही झीरो (गोळी नेमकी पडेल असं स्कोपचं सेटिंग) कागदावर मारून लिहून ठेवा.

आडवा_नेमबाज:
+१, आटे भोकावरून. आणि काढायचाच कशाला, सरावाला एक आणि शिकारीला दुसरी रायफल झाली ती. कोल्हापुरी भाऊ, क्रीडमूर मीही वापरतो, पण ४०० च्या पुढे वाऱ्यात उभ्या एल्कवर मला .३०० च हवी.

उजवा_कान:
मी या विषयावर लिहायचं टाळतो पण आज लिहितो. ब्रेकने दणका कमी होतो हे खरंच आहे, पण तो गॅस जातो कुठे? बाजूला आणि मागे, म्हणजे तुमच्या आणि शेजारच्याच्या कानाकडे. उघड्या नळीची रायफल १६० डेसिबलच्या आसपास असते, बंदुकीच्या एका आवाजासाठी धोक्याची रेघ १४० ला धरतात, आणि ब्रेक लावला की मारणाऱ्याच्या कानाशी त्यात आणखी भर पडते. मी पत्र्याच्या शेडखाली बेंचवर बसलो होतो, शेजारच्या बेंचवर मॅग्नम, ब्रेकवाली. मी मफ (कान झाकणारं हेडफोनसारखं साधन) वर करून त्याला टार्गेटबद्दल काहीतरी विचारत होतो आणि त्याने ओढला चाप. माझे लिहिलेले कागद उडाले, चष्म्यावर बारीक कचरा आला, आणि उजव्या कानात जी शिट्टी सुरू झाली ती आज आठ वर्षं चालू आहे. रात्री पंखा लावून झोपतो, थंडीतसुद्धा, शांतता असली की शिट्टी मोठी होते. त्या माणसाची चूक नव्हती, मफ मी काढला होता. पण शिकारीत मफ कोण लावून बसतं? सकाळी सहाला एल्कची शीळ ऐकायची असते, सगळ्यांचे कान उघडे. काही गाइड तर ब्रेकवाली रायफल घेऊन येऊच नका म्हणतात.

पुणेकर, तुमच्यासोबत शिकारीला कोण असतं?

ह्यूस्टनकर:
सप्रेसर घ्या ना. कोलोरॅडोत चालतो, शिकारीलाही चालतो. १९३४ पासून २०० डॉलरचा टॅक्स होता, १ जानेवारी २०२६ पासून तो शून्य झालाय. फॉर्म ४ (सप्रेसरसाठीचा सरकारी अर्ज), बोटांचे ठसे, फोटो हे सगळं मात्र अजून आहेच. दणका ब्रेकएवढा नाही पण बऱ्यापैकी कमी होतो, आवाज २०-३० डेसिबलनी उतरतो. (वाचणाऱ्या नव्या मंडळींसाठी: एच-वन-बीवर असाल तर शिकारीच्या लायसन्ससारखा अपवाद लागू झाल्याशिवाय बंदूक बाळगणंच बेकायदा आहे, आधी ते बघा.)

डेन्व्हरचा_पुणेकर:
मी सिटिझन आहे, तो प्रश्न नाही. सप्रेसरचा विचार केला होता, २४ इंची नळीपुढे आणखी सात इंच, वर पाऊण-एक पौंड, झाडीतून वर चढताना फांद्यांत अडकणार असं वाटलं.

उजवा कान, तुमचा प्रश्न वाचून मी थांबलोच. मुलगी असते. १५ वर्षांची आहे, माझ्या डाव्या हाताला बसून दुर्बिणीतून बघत असते, ब्रेकची खिडकी नेमकी तिच्या बाजूला उघडणार हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

लेथवाला:
मग नळी २० किंवा २२ इंची करा आणि सप्रेसर लावा. थोडा वेग जातो, एल्कला तो फरक कळत नाही. आणि तोंड पाऊण इंच ठेवा.

आडवा_नेमबाज:
मला अजून पटलेलं नाही. इलेक्ट्रॉनिक मफ मिळतात, कुजबूजसुद्धा ऐकू येते आणि बार झाला की बंद होतात. मुलीला एक, तुम्हाला एक, खाली फोमचे प्लग. लायनीत आम्ही सगळे हेच करतो.

उजवा_कान:
लायनीत रेंज ऑफिसर ओरडतो तेव्हा सगळे मफ लावतात. डोंगरावर एल्क अचानक ८० यार्डांवर उभा राहतो तेव्हा कोण ओरडणार? तिचा मफ त्या क्षणी गळ्यात असेल.

कोल्हापुरी_बावीस:
आणि सप्रेसर लावला तरी मफ सोडू नका, १३०-१४० म्हणजे काही शांत नव्हे. मी अजूनही म्हणतो, क्रीडमूर. पुढच्या वर्षी ती स्वतः चालवायला मागेल, तेव्हा तिला .३०० देणार का?

डेन्व्हरचा_पुणेकर:
गनस्मिथला आत्ताच फोन केला. नळी २२ इंची, तोंडाशी पाऊण इंच, आटे ५/८-२४ भोकावरून, वर टोपी. ब्रेकची ऑर्डर रद्द केली. कॅलिबरचं कोल्हापुरींनी जे विचारलं ते मी जेवताना लेकीलाच विचारलं, ती म्हणाली की तिला .३०० च हवी. चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) पुढच्या शुक्रवारी कापायचाय, तोपर्यंत तिला मित्राच्या रेंजवर नेऊन दोन्ही चालवायला देतो.