शब्दचर्चा : रीट्राय – पुनःप्रयत्न, फेरप्रयत्न की नुसतंच ‘परत’?

प्रश्न : एका प्रणालीची मराठी माहितीपुस्तिका लिहिते आहे. सर्व्हरचं उत्तर आलं नाही तर प्रोग्राम आपणहून तीच विनंती पुन्हा करतो. मी लिहिलं, ‘विनंती अयशस्वी झाल्यास ती आपोआप परत पाठवली जाते.’ तपासणाऱ्यांनी ‘परत’खाली लाल रेघ मारली आहे. बोलताना तर सर्रास म्हणतो की!

प्रतिसाद : रेघ बरोबर आहे. ‘पार्सल परत पाठवलं’ म्हणजे ज्याचं त्याला. तुमचं वाक्य वाचून वाटेल, सर्व्हरनंच विनंती माघारी धाडली. इथे ‘पुन्हा’च हवं. नाम हवं असेल तर पुनःप्रयत्न. ‘पुनर्प्रयत्न’ नको; पुढे ‘प’ असला की विसर्ग राहतो, जसं पुनःप्रक्षेपण.

प्रतिसाद : त्यापेक्षा फेरप्रयत्न घ्या. फेरमोजणी, फेरतपासणीच्या पंगतीत बसतो, विसर्गाची कटकट नाही.

प्रतिसाद : ऑफिसात दोन्ही कोणी म्हणत नाही, पण क्रियापदं ऐका. ‘रीट्राय मार’ म्हणजे आत्ता, हातानं, एकदा. ‘रीट्राय लाव’ म्हणजे कोडमध्ये कायमची सोय कर, गजर लावतो तसं. तुम्हाला दुसरा अर्थ हवा आहे, म्हणून ‘फेरप्रयत्नाची सोय’ म्हणा. आणि फेरप्रयत्न क्रियेचा असतो, प्रॉमिसचा (‘निकाल नंतर कळवतो’ असं सांगणाऱ्या कोडमधल्या वस्तूचा) नव्हे. जावास्क्रिप्टमध्ये एकदा रिजेक्ट झालेलं, म्हणजे फसलेलं, प्रॉमिस पुन्हा चालवता येत नाही. फंक्शन नव्यानं बोलावून नवं प्रॉमिस घ्यावं लागतं.

प्रश्नकर्ती : आणि बॅकऑफ? दोन प्रयत्नांमधला वाढत जाणारा थांबा. ‘माघार’ चालेल?

प्रतिसाद : छे, माघार घेतलेला पुन्हा कशाला येईल? बोलीत ‘दम खाणे’ चपखल आहे, पुस्तिकेत ‘वाढता विराम’ लिहा. जुन्या सामायिक तारेवरच्या इथरनेटमध्ये, म्हणजे संगणक जोडणाऱ्या जाळ्यात, हेच होतं. दोन यंत्रांचे संदेश आदळले की प्रत्येक यंत्र मनाला येईल तितकं थांबतं, म्हणजे दोघं पुन्हा एकदमच येण्याची शक्यता कमी होते. पहिल्या धडकेनंतर 0 किंवा 1 कालखंड (ठरावीक छोटी मुदत), मग 0 ते 3, मग 0 ते 7. दहाव्या धडकेपासून मर्यादा 1023 वरच राहते आणि 16 प्रयत्न फसले की संदेश टाकून दिला जातो. माघार म्हणायची तर ती.

प्रतिसाद : ‘परत’वर एवढी चर्चा झाली, पण खरा घोळ ‘अयशस्वी’त आहे. उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही असं नव्हे. पैसे वळते झालेले असतील, फक्त पोच वाटेत हरवली असेल. ‘ठरावीक वेळेत उत्तर न मिळाल्यास’ असं लिहा. एचटीटीपीत, म्हणजे वेबवर सर्व्हरशी बोलण्याच्या नियमांत, पुट (ठेवा) किंवा डिलीट (काढून टाका) ही विनंती पुन्हा केली तरी शेवटची स्थिती तीच राहणं अपेक्षित असतं. पोस्टला (माहिती पाठवून काम करवणाऱ्या विनंतीला) तशी हमी नाही. ताई, पोस्टच्या विनंत्या या सोयीतून वगळल्या आहेत का, ते आधी प्रोग्रामरना विचारा. नसतील, तर पुस्तिकेच्या आधी कोड दुरुस्तीला जाईल.