अनुभव धागा: शाळकरी वयातले दात आणि मिटलेलं तोंड

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात नववी-दहावीला शिकवते. तोंडावर हात ठेवून हसणारी पोरं दरवर्षी दिसतात. दातांपायी तुमचं किंवा पोरांचं खाणं, झोप, बोलणं अडलं असेल तर लिहा. गोष्ट बारीक वाटली तरी लिहा.

वणीकडून
आमच्या हापशीच्या पाण्यात फ्लोराईड नावाचा क्षार जास्त. पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे. सगळे म्हणायचे, पोरगी दात घासत नाही. मी राखुंडीनं हिरड्यांतून रक्त येईपर्यंत घासायची. फोटोत मागच्या रांगेत, ओठ मिटून. डी.एड.ला गेल्यावर कळलं की हे डाग लहानपणी दात हिरडीच्या आत तयार होतानाच पडतात, घासून जात नाहीत. दहावीपर्यंत मी उगाच स्वतःला घाणेरडी समजत होते. अजून राग येतो.

एक आई, दारव्हा तालुका
माह्या पोराची दाढ सोयाबीन काढणीत ठणकाले लागली. लवंग ठेवली, गोळ्या देल्या. वावर सोडून कोण नेईल त्याले? रातभर गाल धरून बसे, तिमाहीचे दोन पेपर बुडाले. आठवीतच पक्की दाढ काढा लागली. आता रात्री जेवण झाल्यावर घासल्याबिगर झोपू देत नाई. झोपेत तोंडातली लाळ कमी होते, म्हणून रातचं घासणं जास्त कामाचं, असं डॉक्टरीण बाई बोलल्या.

वय १९, चंद्रपूर जिल्हा
नववीत खर्रा लागला. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटलेला. अठराच्या आतल्याला तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे, पण मला कोणी वय विचारलं नाही. अकरावीत साध्या वरणाचीही आग व्हायला लागली. डॉक्टर म्हणाले, तीन बोटं उभी करून तोंडात घाल. दोनच गेली. सुपारीनं गालाची आतली कातडी आखडते. सोडून दीड वर्ष झालं, तरी तोंड पहिल्यासारखं उघडत नाही. लग्नात पाणीपुरी अख्खी खात नाही, फोडून चमच्यानं खातो.

आश्रमशाळेत शिकलेली
रक्त येतं म्हणून मी ब्रश करणंच सोडलं होतं. तपासणीला आलेल्या मॅडमनी सांगितलं, कीट साचल्यानंच रक्त येतं, मऊ ब्रशनं रोज घास. पंधरा दिवसांत थांबलं. तोंडाचा वास गेला तशी मैत्रिणीशेजारी बसायला लागले.

धागा काढणारी
चंद्रपूरच्या भाऊ, आमच्या नववीच्या वर्गात येशील का? गाडीभाडं मी देते. भाषण नको, फक्त ती दोन बोटं दाखव.