ग्रँड कॅनियनला आत गेल्यावर फुकटात काय काय करता येतं? सासू-सासरे आणि मुलं सोबत आहेत

फोंड्याची सून

नमस्कार मंडळी. मे महिन्यात सगळे मिळून अमेरिकेला जातोय, धाकटा दीर ॲरिझोनात फिनिक्सजवळ असतो त्याच्याकडे. मी, हे, सासू-सासरे आणि दोन मुलं, मुलगी तेरा वर्षांची आणि मुलगा नऊचा. त्यातले तीन दिवस ग्रँड कॅनियनसाठी ठेवलेत. इथल्या एका एजंटला सहज विचारलं तर त्याने हेलिकॉप्टर, काचेचा पूल, जीप टूर असं सगळं घालून जो आकडा पाठवला तो बघून घरात सगळे गप्पच झाले. विमानाची तिकिटं आणि व्हिसा यातच बराच पैसा गेलाय हो. तर आत गेल्यावर वेगळे पैसे न भरता काय बघता येतं, काय करता येतं, ते जाऊन आलेल्यांनी सांगा ना. सासूबाईंचे गुडघे दुखतात, दहा मिनिटांच्या वर चालवत नाही. सासरे मात्र रोज पहाटे फर्मागुडीचा चढ चढून येतात. आणि मुलांना नुसतं बघत बसायला सांगितलं तर कंटाळतील, त्यांच्या हाताला काहीतरी काम पाहिजे.

टेंपेचा गोंयकार

वहिनी, आधी तो काचेचा पूल डोक्यातून काढा. स्कायवॉक नॅशनल पार्कात नाहीच मुळी, तो ग्रँड कॅनियन वेस्टला, हुआलापाय या तिथल्या मूळ जमातीच्या स्वतःच्या जमिनीवर आहे, तुम्ही ज्या साउथ रिमला, म्हणजे दरीच्या दक्षिण कड्यावर जाणार तिथून गाडीने चार तास तरी लागतात आणि तिकीट पूर्ण वेगळं. एजंट लोक एकाच नावाखाली दोन्ही खपवतात आणि माणूस तिकडे जाऊन पोचल्यावर त्याला कळतं.

आता गेटवरचा खर्च, तो मात्र चुकत नाही. गाडीमागे ३५ डॉलर, सात दिवस चालतं. पण २०२६ पासून परदेशातून येणाऱ्या १६ आणि त्यावरच्या वयाच्या प्रत्येकाला वर १०० डॉलर लावलेत, आणि ग्रँड कॅनियन त्या अकरा पार्कांच्या यादीत आहे. परदेशी लोकांसाठी २५० डॉलरचा वार्षिक पास आहे, तो घेतला तर हे माणशी १०० पडत नाहीत, तुम्ही चार मोठी माणसं म्हणजे पासच परवडतो. निघायच्या आधी पार्कच्या साइटवर रेट एकदा बघून घ्या, आणि कार्ड जवळ ठेवा, गेटवर कॅश घेत नाहीत.

एवढा खर्च झाल्यावर मात्र आतली जवळजवळ सगळी चांगली गोष्ट फुकट आहे, खरंच. शटल बस फुकट, तिकीट नाही पास नाही, आली की चढायचं. निळ्या रूटची बस कड्यावरच्या ग्रँड कॅनियन व्हिलेज या गावात फिरते, हॉटेलं, व्हिजिटर सेंटर वगैरे. केशरी रूट याकी पॉइंटला नेतो, तिथे खाजगी गाडी बारा महिने बंद असते त्यामुळे कड्यावर शांतता मिळते. आणि लाल रूट म्हणजे हर्मिट्स रेस्टचा, ११ किलोमीटर रस्ता अगदी कड्याकडेने, मार्च ते नोव्हेंबर तिथे फक्त शटलच जाते, म्हणजे मे महिन्यात तुम्हाला मिळेल. लक्षात ठेवा, जाताना ही बस सगळ्या पॉइंटांवर थांबते पण येताना फक्त पिमा, मोहावी आणि पॉवेल या तीनच ठिकाणी, म्हणून जे बघायचं ते जाताना उतरून बघा. पिमा पॉइंटला सकाळी गर्दी नसताना कठड्याला टेकून गप्प उभे राहा, दीड किलोमीटर खालून कोलोरॅडो नदीचा आवाज वर येतो, ग्रॅनाइट रॅपिड्स म्हणून जागा आहे त्याचा. हेलिकॉप्टरमधून हा आवाज कोणालाच ऐकू येणार नाही.

तिन्ही दिवस आतच काढा. लास वेगासहून बसने येऊन दोन तासांत फोटो काढून जाणारे लोक मी नेहमी बघतो, वाईट वाटतं, सकाळ-दुपार-संध्याकाळ त्या दरीचा रंगच वेगळा असतो आणि तो बघायला काही लागत नाही, फक्त वेळ लागतो.

वाळपईची माई

सासूबाईंसाठी मी लिहिते, माझ्या आईला नेलं होतं आणि तिचेही गुडघे असेच. मेथर पॉइंट पार्किंगपासून जवळ आहे, रस्ता सपाट, काँक्रीटचा, कठडा भक्कम. त्याहून मला यावापाई जिऑलॉजी म्युझियम आवडलं, १९२८ सालचं दगडी बांधकाम, कड्याच्या अगदी टोकावर, आत भल्यामोठ्या काचेच्या खिडक्या, बाहेर गार वारा असला तरी आतून आरामात दरी दिसते. प्रवेश फुकट. मध्यभागी दरीचं एक मोठं उठावाचं मॉडेल आहे, समोरचं कुठलं टोक कुठलं ते बोट लावून समजावता येतं. आई तिथून उठायलाच तयार नव्हती.

शटलला रॅम्प असतो, ड्रायव्हर बस खाली झुकवून देतात, काही मागावं लागत नाही. आणि कोणाला चालायला त्रास असेल तर हर्मिट रोडवर स्वतःची गाडी न्यायचं एक परमिट मिळतं, फुकट, गेटवर किंवा व्हिजिटर सेंटरला विचारायचं, सीनिक ड्राइव्ह ॲक्सेसिबिलिटी परमिट म्हणतात. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

एक दिवस गाडी काढून डेझर्ट व्ह्यूला जा, गावापासून ३७ किलोमीटर, तिथे शटल नाही. वाटेत लिपन पॉइंटला उतरा, नदी एवढी लांब वळत गेलेली बाकी कुठून क्वचितच दिसते. शेवटी वॉचटावर, मेरी कोल्टर नावाच्या बाईंनी १९३२ मध्ये बांधलेला, ७० फूट उंच गोल दगडी मनोरा, आतल्या भिंतींवर होपी या मूळ जमातीतले चित्रकार फ्रेड काबोटी यांची चित्रं. वर जायला ८५ पायऱ्या आहेत, तुमच्या सासूबाईंना नका चढवू, खालच्या खोलीत बसूनही मन भरतं. परतीच्या वाटेवर तुसायान म्युझियम, आठशे वर्षांपूर्वी तिथे राहणाऱ्या लोकांच्या घरांचे पाये दिसतात. एवढ्या कोरड्या जागेत पाणी कुठून आणत असतील याचा विचार करत आई किती तरी वेळ तिथे उभी होती.

आणि स्वेटर घ्या हो! मे म्हटलं की आपल्याला घामाच्या धारा आठवतात, पण साउथ रिम २१०० मीटरवर आहे, दिवसा २०-२२ डिग्री आणि रात्री ४-५ पर्यंत उतरतं.

अनमोडचा दगड

भूगोल शिकवतो म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. ट्रेल ऑफ टाइम चुकवू नका. यावापाई म्युझियमपासून गावाकडे जाणारा पक्का रस्ता, सपाट, फुकट. जमिनीत पितळी खुणा बसवल्यात, एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. म्युझियमकडून सुरू केलं की आजपासून मागे मागे जात राहायचं आणि बाजूला त्या त्या काळातले खरे दगड मांडलेत, दरीतून आणलेले, घासून गुळगुळीत केलेले, हात लावायची पूर्ण मुभा. मुलांना हात लावू द्या, कैबाब चुनखडी हाताला खडबडीत, तळाचे दगड चकचकीत, पट्टेदार.

त्यातला हिशोब मुलीला करायला सांगा. नदीने दरी कोरली ती साधारण ५० ते ६० लाख वर्षांत, म्हणजे त्या रस्त्यावर जेमतेम सहा मीटर. कड्यावरचा सगळ्यात वरचा थर २७ कोटी वर्षांचा, म्हणजे २७० मीटर चालायचं. आणि तळाचा सगळ्यात जुना दगड १८४ कोटी वर्षांचा, तो १८४० व्या मीटरला. म्हणजे दरी तरुण आणि दगड म्हातारा, हे वर्गात फळ्यावर कितीही काढून दाखवलं तरी मुलांच्या डोक्यात शिरत नाही, पायाने चाललं की लगेच शिरतं.

आता आपल्याकडची गोष्ट. अनमोड घाटातल्या नाइस नावाच्या पट्टेदार खडकाचं वय सुमारे ३४० कोटी वर्षं काढलेलं आहे. म्हणजे त्याच रस्त्यावर ३४०० व्या मीटरला आपला गोव्याचा दगड येईल! मुख्य टप्पा दोन किलोमीटरचा आहे पण खुणा पुढे पृथ्वीच्या वयापर्यंत, साडेचार किलोमीटरच्या वर गेलेल्या आहेत, सासरे चालणारे आहेत तर त्यांनी नातवंडांना घेऊन ती जागा शोधावीच. कॅसलरॉकच्या गाडीतून दहा वेळा ज्याच्या बाजूने गेलो तो दगड ग्रँड कॅनियनच्या तळापेक्षा जुना, हे मुलांना तिथे उभं राहून कळलं पाहिजे.

सासऱ्यांना आणखी एक आवडेल. दरीतल्या सुळक्यांना आपल्या देवांची नावं आहेत, विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल, मनू टेंपलसुद्धा. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूवैज्ञानिकाने १८८० च्या दशकात ही पद्धत पाडली. होपी पॉइंटवरून शिवा टेंपल दिसतं, याकीच्या बाजूने ब्रह्मा. नकाशा व्हिजिटर सेंटरला फुकट मिळतो, तो घेऊन एकेक ओळखत बसा.

फोंड्याची सून

किती छान लिहिलंत सगळ्यांनी, मास्तर तुमचं तर मी मुलीला वाचून दाखवलं, ती आत्तापासूनच मीटर मोजायला लागलीय. सासऱ्यांचं मात्र एक चाललंय, खाली नदीपर्यंत उतरून एका दिवसात वर यायचं म्हणतात. दूधसागर केलाय, मग हे काय असं. काय सांगू त्यांना?

सह्याद्री_चप्पल

ताई, स्पष्ट नाही म्हणा. मी ट्रेक करणारा माणूस आहे तरी सांगतो. आपल्याकडे आधी चढ लागतो, दमलो की परत फिरतो. इथे उलटं, आधी उतार, पाय हलके वाटतात आणि माणूस कितीही खाली जातो, चढ शेवटी, तोही दुपारच्या उन्हात. खाली जाल तसं तापमान वाढतं, वर २० असेल तेव्हा नदीकाठी ३० च्या पुढे असू शकतं. जागोजागी पाट्या लावल्यात की नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत यायचा प्रयत्न करू नका. त्यात समुद्रसपाटीवरून आलेल्या माणसाला २१०० मीटरवर पहिल्या दिवशी साध्या जिन्यालाही धाप लागते.

काकांना उतरायची हौस आहे ना, तर साउथ कैबाब ट्रेलने ऊ-आ पॉइंटपर्यंत जाऊ दे, एका बाजूला दीडेक किलोमीटर, केशरी शटल ट्रेलच्या तोंडाशी सोडते, परमिट लागत नाही, पैसे नाहीत. तिथे वळण संपलं की एकदम दोन्ही बाजूंनी दरी उघडते. पाणी मात्र वरूनच भरून न्या, त्या ट्रेलवर थेंब मिळत नाही. उतरायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट वर यायला धरा. खेचरांचा ताफा आला तर डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला नाही.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, कड्यावर ठिकठिकाणी भरायचे नळ आहेत, पाणी चांगलं. डबा घेऊन जा, चपाती-भाजी काहीही, पिकनिकची टेबलं आहेत. फक्त खारींना घालू नका, गोजिरवाण्या दिसतात पण चावतात आणि खायला घालणं नियमाने बंद आहे. रस्त्याकडेला एल्क दिसतील, घोड्याएवढं हरीण, ३० मीटर लांब राहा.

टेंपेचा गोंयकार

मुलांचं राहिलंच की. पोचल्या पोचल्या व्हिजिटर सेंटरमधून ज्युनिअर रेंजरची पुस्तिका मागून घ्या, फुकट. चित्रं, कोडी, निरीक्षणं, शिवाय रेंजरच्या एका कार्यक्रमाला बसायचं. पूर्ण करून दाखवली की रेंजर समोर उभं करून हात वर करून शपथ घ्यायला लावतो आणि बॅज देतो. नऊ वर्षांचा पोरगा तो बॅज काढणारच नाही बघा. रेंजरचे कार्यक्रम सगळे फुकट, दगडांवर, प्राण्यांवर. फॉसिल वॉक चालू असेल तर तो घ्याच, कड्यावरच्या चुनखडीत समुद्रातले शिंपले अजून दिसतात, एवढ्या उंचीवर.

आकाशात काँडोर शोधायला सांगा. गिधाडाच्या जातीचा, पंख पसरले की जवळजवळ तीन मीटर, पंखावर नंबरची पट्टी असते. १९८२ मध्ये जगात फक्त २२ उरले होते, पिंजऱ्यात वाढवून १९९६ पासून ॲरिझोनात सोडायला लागले. मेलेल्या जनावरातल्या बंदुकीच्या शिशामुळे अजूनही मरतात. आपल्याकडे गिधाडं गुरांच्या औषधापायी गेली, मुलांना ते पण सांगा.

रात्री एकदा तरी बाहेर पडा. २०१९ पासून हे अधिकृत डार्क स्काय पार्क आहे, दिवे मुद्दाम मंद ठेवलेत. अमावास्येच्या जवळची तारीख साधली तर आकाशगंगा डोळ्यांनी दिसते. जूनमध्ये दुर्बिणी लावून फुकट स्टार पार्टी असते, तारखा पुढे ढकलता आल्या तर बघा.

फोंड्याची सून

तारखा नाही हलणार, शाळा आहे. पण मेची अमावास्या बघून त्याप्रमाणे तीन दिवस ठरवते. सूर्योदय किती वाजता असतो? आणि कुठून बघू, सासूबाईंना पण न्यायचंय.

वाळपईची माई

मेच्या मध्याला सव्वापाचच्या सुमारास. अर्धा तास आधी मेथर पॉइंटला पोचा, तेव्हा पार्किंग रिकामं असतं आणि सासूबाईंना चार पावलंच चालावं लागेल. सासरे आणि मुलं याकीला जाऊ शकतात, पहाटेची पहिली शटल किती वाजता ते आदल्या संध्याकाळी बघून ठेवा. थर्मासमधून चहा न्या, टोप्या घाला, कठड्याच्या पलीकडे फोटोसाठी कोणालाही जाऊ देऊ नका. दुपारी सगळे झोपा आणि सूर्यास्ताला लाल बसने होपी पॉइंट, तिथे गर्दी होते म्हणून तासभर आधी निघा.