हॅमरला दरवेळी हातोडीच म्हणायचं का?

मुलीला इंग्रजी शिकवताना हॅमर म्हणजे हातोडी सांगून मोकळा झालो, पण आता धड्यात बंदुकीचा हॅमर आलाय, तिथे काय सांगू?

> बंदुकीचा तो घोडा. बोटाने ओढतो तो ट्रिगर म्हणजे चाप, लोक दोन्हीत फार गोंधळ करतात. आणि दगड फोडायचा मोठा स्लेजहॅमर असतो ना, त्याला घण म्हणतात, किती छान शब्द आहे, वापरा हो तो!

> कानातल्या ३ हाडांत पण आहे की, हातोडी ऐरण रिकीब. हॅमर थ्रोचा हॅमर मात्र हातोडीसारखा दिसतच नाही, तारेला लावलेला धातूचा गोळा असतो, पुरुषांचा ७.२६ किलो, महिलांचा ४.

> अंडर द हॅमर आलं तर लिलावात निघालं असं सांगा, हातोडी मध्ये आणू नका.