विंचूदंश: घरी काय केलं, दवाखान्यात काय झालं? (अनुभव धागा)

लाकूडफाटा
मे महिन्यात आमच्याकडे दोन कामं निघतात, कौलं परतणं आणि पावसाळ्याची लाकडं आत रचणं. दोन्ही कामांत विंचू निघतोच. परवा शेजारच्या वाडीत एका काकूंना गोवऱ्या काढताना डसला. त्या बऱ्या आहेत, पण अंगणात जमलेल्या प्रत्येकाने वेगळा उपाय सांगितला आणि रिक्षा बोलवायला बराच वेळ गेला. म्हणून हा धागा.

लिहिताना विंचू कसा होता, कुणाला डसला, काय लावलं आणि दवाखान्यात कधी पोचलात, हे सांगा. 'अमुक लावलं, गुण आला' एवढंच नको. मोठी काळी इंगळी आणि कोकणातला लहान लाल विंचू यांच्या विषात फार फरक आहे. इंगळी ठणका देते, लाल विंचू जीव घेऊ शकतो.

सहाण
आमच्या आजीचा उपाय चिंचोक्याचा. चिंचोका दगडावर पाण्यात घासायचा, आतला पांढरा भाग उघडा पडला की दंशावर टेकवायचा. तो घट्ट चिकटतो. विष ओढून झालं की आपोआप गळतो, असं आजी सांगायची. मला स्वतःला लहानपणी इंगळी डसली तेव्हा हेच केलं आणि सकाळपर्यंत ठणका गेला.

पुढे घोंगडी विणणाऱ्यांकडे चिंचोक्याची खळ पाहिली आणि कोडं सुटलं. चिंचोक्यात चिकट पिठूळ पदार्थ असतो, ओला असताना धरतो, वाळला की सुटतो. विषाचा त्याच्याशी संबंध नाही. ठणका त्याच्या वेळेने उतरला. आजीचा हात पाठीवर होता त्याचं मोल मात्र मला आजही आहे.

घाटाखालची
हे लिहायला जड जातंय. पोलादपूरकडच्या आमच्या नात्यातला मुलगा, शाळेत नुकता जायला लागलेला. संध्याकाळी गवताच्या गंजीजवळ डसला. उतरवणारे बाबा आले, मंत्र, अंगारा, कडुलिंबाचा पाला सगळं झालं. थोड्या वेळाने पोर रडायचं थांबलं, तेव्हा विष उतरलं म्हणून सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. त्याला दरदरून घाम फुटला होता, हातपाय गार पडले होते, दोनदा ओकला होता. पहाटे तोंडाला गुलाबी फेस आला. जीप मिळेपर्यंत गेला तो.

त्या बाबांवर माझा राग नाही, त्यांनी पैसाही घेतला नाही. पण रडणं थांबणं म्हणजे बरं होणं नव्हे, हे कुणीतरी त्या घरात सांगायला हवं होतं.

निवृत्त परिचारिका
घाटाखालची ताई, तुम्ही लिहिलंत ते चित्र आम्ही महाड भागात कितीदा पाहिलंय. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंना चेतवत राहतं. अंगात ॲड्रेनालिनसारख्या रसायनांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि फुफ्फुसांत पाणी भरतं. तोच तो गुलाबी फेस.

बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून डॉ. हिंमतराव बावस्करांनी असे रुग्ण रात्र-रात्र बसून पाहिले. पुढे रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिनची गोळी त्यांनी या दंशावर दिली. गंभीर रुग्णांपैकी पूर्वी सुमारे ४० टक्के दगावत, ते प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं. हाफकिन संस्थेची विंचवाची लस, म्हणजे दंशानंतर देतात ते विषावरचं औषध, तीही आता असते.

घरच्यांनी लक्षात ठेवायचं ते असं. नुसता ठणका असेल, हातपाय गरम असतील, तर बहुधा धोका कमी. पण घाम, उलटी, गार हातपाय, छातीत धडधड यांतलं काहीही दिसलं की क्षणभर थांबू नका. मुलग्यांत लिंगाला ताठरता येते, घरचे संकोचाने सांगत नाहीत, पण डॉक्टरांना ते जरूर सांगा. लहान मूल असेल तर लक्षणांची वाट न पाहता न्या.

गोळी घरी आपल्या मनाने देऊ नका. ती दिल्यावर रुग्णाला आडवं ठेवावं लागतं आणि हातपाय गरम होईपर्यंत ठरावीक अंतराने पुन्हा द्यावी लागते. आणि एक सांगते, उपचारानंतर दंशाची जागा पुन्हा ठणकायला लागली की आम्हाला हायसं वाटायचं. आजारी पोर 'दुखतंय' म्हणून रडलं की वॉर्डात आनंद व्हायचा.

भातखाचर
आमी माणगावकडचे. भात कापताना न् पेंढा उचलताना लय सांभाळावं लागतं. पेंढा हाताने नाय, आकडीने ओढायचा. बूट झटकून घालायचे, अंथरूण भिंतीपासून लांब. कोंबड्या पाळा, विंचू टिपतात.

फिनिक्सहून
इथे ॲरिझोनातही विषारी विंचू आहे, बार्क स्कॉर्पियन, भिंतीवर चढणारा. रात्री अतिनील प्रकाशाच्या टॉर्चमध्ये विंचू हिरवट चमकतात, त्यामुळे झोपण्याआधी मुलांच्या खोलीत फिरवते. भारतातही हा टॉर्च मिळतो, गावी सासऱ्यांना नेऊन दिलाय.

मिरजवाला
आमच्याकडे परमँगनेट आणि लिंबूसत्त्व एकत्र लावतात, चर्रकन फेसाळतं. कांदा चोळतात, डोळ्यात मिठाचं पाणी घालतात. परिचारिकाताई, यातलं काही चालेल का?

निवृत्त परिचारिका
परमँगनेटने कातडी भाजते, असे व्रण मी पाहिलेत. डोळ्यात काही नको. ब्लेडने चिरणं नको, दोरी करकचून बांधणं नको. कांद्याने अपाय नाही, पण तो चोळत बसू नका. जागा धुवा, थंड पट्टी ठेवा आणि निघा. फार ठणका असेल तर डॉक्टर जागेवर बधिर करणारं इंजेक्शन देतात, त्याने लगेच आराम पडतो.

लाकूडफाटा
ताई, मनापासून आभार. उद्या आमच्या आरोग्य केंद्रात जाऊन प्राझोसिन आणि लस आहे का, रात्री कोण असतं, हे विचारून येते आणि इथे लिहिते. इतरांनीही आपापल्या गावचं विचारून लिहा, तालुक्याच्या नावासह.