माणसं नसलेली दुबई 500 वर्षांनी कशी दिसेल? (बिर्याणीची पैज आहे, निकाल द्या)

करामाकर
मंडळी, पैज लागलीय आणि निकाल तुम्ही द्यायचाय. मी दुबईतल्या करामा भागात राहतो, रूममेट साताऱ्याचा. रविवारी जेवताना विषय निघाला की समजा उद्या दुबईतली सगळी माणसं गायब झाली, कशामुळे ते सोडा, तर 500 वर्षांनी इथे काय उरलेलं असेल. तो म्हणतो नुसती वाळू, फार तर बुर्ज खलिफाचं टोक वर दिसेल. मी म्हणतो अख्खा बुर्ज उभा असणार, काळवंडलेला, काचा गेलेला, पण उभा. हरणाऱ्याने मटण बिर्याणी द्यायची.

हे डोक्यात शिरलं एप्रिल 2020 मध्ये. बाहेर पडायला परमिट लागत होतं, खाली गल्लीत रस्त्याच्या मधोमध एक मांजर तासभर आडवी पसरलेली, हॉर्न नाही काही नाही. बाल्कनीच्या दाराखाली आम्ही धुळीसाठी जुना टॉवेल गुंडाळून ठेवतो, तो चार दिवस झटकायचा राहिला तर आतल्या बाजूला करंगळीएवढा मातीचा बांध, पीठ चाळल्यासारखा बारीक. चार दिवसांत एवढं तर पाचशे वर्षांत किती, हा हिशोब तेव्हापासून सुटत नाहीये.

उंटावरचा_शहाणा
रूममेट जिंकला. वाळवंट आहे, वाळू येणार, विषय संपला. बिर्याणी कुठली ते सांगा.

चिलरवाला
शहाणे, उंटावरून खाली उतरा जरा. 14 वर्षं इथे बिल्डिंग मेंटेनन्समधे आहे, वाळूला तुम्ही लोक उगाच बदनाम करताय. ही दुबई समुद्राच्या काठावर आहे राव, ऑगस्टमधे रात्री अकराला बाहेर पडलात की चष्म्यावर वाफ धरते ना, ती हवाच शहर खाणार.

एक उदाहरण देतो. एका व्हिलाचे मालक दोन महिने सुट्टीवर गेले आणि बिल वाचवायला एसी मेनपासून बंद करून गेले. ऑगस्टमधे आम्ही कुलूप उघडलं तर चामड्याच्या सोफ्यावर हिरवट पांढरी बुरशी, कपाटातल्या बुटांवर पण तीच, आणि हॉलचं जिप्सम सीलिंग एका कोपऱ्यात पापडासारखं फुगून लोंबतंय. दोन महिन्यांत हे! आता सगळ्या शहराचे चिलर (एसीला गार पाणी पुरवणारी यंत्रं) एकाच दिवशी बंद पडले असं धरा. पहिल्या उन्हाळ्यातच आतला सगळा लाकडी-जिप्सम-कापडी संसार गेला. बेसमेंटमधे झिरपलेलं पाणी उपसायचे पंप बंद, म्हणजे समुद्राजवळच्या टॉवरांच्या पार्किंगमधे हळूहळू खारं पाणी, गाड्यांसकट.

मग येतो सळईचा नंबर. मीठ काँक्रीटमधून आत जातं, सळई गंजते, गंज फुगतो आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येतो. मुंबईत समुद्राजवळच्या जुन्या बिल्डिंगचा स्लॅब पडताना पाहिलाय ना, तेच. बुर्जखाली 192 पाइल (जमिनीत उतरवलेले पायाचे काँक्रीटचे खांब) आहेत, साधारण 50 मीटर खोल, आणि तिथलं जमिनीतलं पाणी समुद्रापेक्षा जास्त खारट. म्हणून तर राफ्टच्या, म्हणजे पाइलवरच्या जाड काँक्रीटच्या पायाच्या खाली टायटॅनियमची जाळी टाकून त्यात बारीक करंट सोडतात, सळईला गंज लागू नये म्हणून. करंट बंद झाल्यावर काय ते तुम्हीच सांगा.

आणि करामाकर, तुझ्या रूममेटला सांग, टोक सगळ्यात आधी जाणार. 828 मीटरपैकी साधारण 600 मीटरपर्यंत काँक्रीट आहे, त्याच्या वर सगळं स्टील. रंगरंगोटी, देखभाल नसेल तर खाऱ्या हवेत नुसतं स्टील किती टिकतं ते कुठल्याही बंदरावर जाऊन बघा.

पोथीपुराण
चिलरवाल्यांशी सहमत, फक्त एक भर. सगळी वाळवंटं सारखी नसतात. चीनमधल्या तक्लामकान वाळवंटात निया नावाचं गाव आहे, तिसऱ्या-चौथ्या शतकातलं, नदीचं पाणी आटत गेलं आणि लोक सोडून गेले असं मानतात. ऑरेल स्टाईन हा पुरातत्त्व संशोधक 1901 च्या जानेवारीत तिथे पोचला तेव्हा घरांचे लाकडी खांब उभे होते, बागेतली झाडं सोळाशे वर्षं मेलेली पण ओळीत उभी, आणि लाकडी पाट्यांवर खरोष्ठी लिपीत लिहिलेली पत्रं, काहींवर मातीची सील तशीच, फोडलेलीच नाहीत!! भाषा कुठली माहितीय, प्राकृत. आपल्या महाराष्ट्रीची लांबची बहीण. उंदराचा सापळा पण सापडला तिथे, मला हे वाचून पत्रांपेक्षा जास्त गलबलून आलं का कोण जाणे.

तिथे वाळूने घर खाल्लं नाही, झाकून ठेवलं, कारण हवा कोरडी ठक्क. करामामधे लाकडी फळी ठेवलीत तर पाचशे वर्षांनी काय मिळेल? काही नाही.

फिरस्ता
वाळू येते कशी ते बघायचं असेल तर शारजाच्या अल मदामला जा, दीडेक तास लागतो. घरांच्या दोन रांगा आणि एक मशीद, सत्तरच्या दशकातली वस्ती, लोक सोडून गेलेत. मजा म्हणजे बाहेरून घर बऱ्यापैकी पूर्ण दिसतं आणि आत शिरलात तर वाळूवर चढत चढत छताला हात लागतो. बाहेर वारा वाळू पळवत नेतो, दारातून आत शिरला की दम जातो त्याचा, मग हातातलं सगळं तिथेच टाकतो. एका खोलीत भिंतीचा निळा रंग अजून शाबूत, आणि खिडकीतून आलेला वाळूचा उतार इतका नितळ की पाय टाकायला जिवावर आलं (टाकला, फोटोसाठी). नामिबियातलं कोल्मन्सकोप असंच आहे, 1908 मधे तिथे हिरे सापडले, जर्मन लोकांनी हॉस्पिटल, बर्फाचा कारखाना, सगळं थाटलं, 1956 पर्यंत शेवटचे लोक पण गेले. तिथल्या खोल्यांचे फोटो बघा.

पण उडी मारत जाणारी वाळू बहुतेक गुडघा-कमरेच्या खालीच असते, वर जाते ती धूळ. त्यामुळे लॉबी, दुकानं, तळमजले भरतील, चाळिसाव्या मजल्यावर फक्त धुळीचा थर. आणि अबू धाबीकडच्या लिवाचा मोरीब टिब्बा, म्हणजे वाळूची टेकडी, 300 मीटरच्या आसपास आहे म्हणतात, तो उचलून आणून ठेवला तरी बुर्ज झाकला जात नाही.

उंटावरचा_शहाणा
बरं बाबा उतरलो उंटावरून. झाडांचं काय? एवढी हिरवळ आहे.

तिवर
ती हिरवळ काळ्या ड्रिपच्या नळीवर जगतेय. वर्षाला पाऊस 100 मिमीच्या आसपास, तोही लहरी (16 एप्रिल 2024 ला एका दिवसात काय झालं ते आठवतंय ना, अल ऐनकडे 254.8 मिमी). नळी बंद झाली की लॉन पहिल्याच उन्हाळ्यात गेलं, फुलझाडं त्याच्याही आधी. टिकेल तो गाफ, म्हणजे आपली शमी, तेच झाड. दसऱ्याला आपण आपटा वाटतो पण पूजेतली शमी ती हीच, मुळं खोल पाण्यापर्यंत जातात. दुसरी वेडी बाभूळ, ती कुठेही मरत नाही. आणि रास अल खोरच्या खाडीतली तिवरं, कोकणातल्या खाडीत असतात तीच जात. पाम जुमेरावर, म्हणजे समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर, आता मोठमोठ्या गाड्या उभ्या असतात ना, तिकडे लाटांनी वाळू इकडची तिकडे होत जाईल, बाहेरचा दगडांचा 11 किमीचा बांध मात्र राहील बराच काळ, आणि आतल्या शांत चिखलात तिवर शिरेल असं मला वाटतं.

कावळे आणि साळुंक्या उरतील का ते बघायला आवडलं असतं. दोन्ही इथे बाहेरून आलेत, आपल्यासारखेच, आणि आपल्याच उष्ट्यावर जगतात.

करामाकर
बापरे. म्हणजे निकाल असा समजू का, की वाळूत गाडलं जाणार नाही म्हणून रूममेट हरला, आणि बुर्ज अख्खा उभा राहणार नाही म्हणून मी पण हरलो?

चिलरवाला
500 वर्षांनी खालचा जाडजूड भाग उभा असेल असा माझा अंदाज, टोक नाही, काच नाही, बऱ्याच ठिकाणी सळया बाहेर आलेल्या. दोघेही हरलात. मंगळवारी संध्याकाळी करामातच साइटवर आहे मी, सातनंतर मोकळा. दोन प्लेट सांगा, हेल्पर पोरगा पण असतो बरोबर.

करामाकर
चालेल. आमच्याकडे येताय तर एसी पण बघा ना जरा, बादली लावलीय खाली तीन दिवस झाले.

चिलरवाला
ड्रेन चोकअप असेल. बिर्याणी आधी.