ओपीटीवाल्यांनो, पगाराची स्लिप उघडून बघा
ओपीटीवर, म्हणजे अमेरिकेत शिक्षण संपल्यावर विद्यार्थी व्हिसावरच काही काळ काम करायच्या परवानगीवर, ९० दिवस बिनकामाचे गेले की संपलं, म्हणून मिळेल ती नोकरी धरा, असं कुणीतरी लिहिलंय. घाई हवी हे मान्य, शनिवार-रविवारसुद्धा त्या ९० दिवसांत धरले जातात. पण 'मिळेल ती' चालत नाही हो. काम शिकलेल्या विषयाशी संबंधित आणि आठवड्याला किमान २० तासांचं लागतं. गोदामात किंवा कॅफेत लागलात तर दिवस मोजणं थांबत नाहीच, वर स्टेटस (तिथे राहण्याचा कायदेशीर दर्जा) धोक्यात येतं. त्यापेक्षा आपल्याच विषयातलं बिनपगारी स्वयंसेवकाचं काम बरं. पहिल्या १२ महिन्यांच्या ओपीटीत ते चालतं, स्टेम एक्स्टेन्शनमध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित शिकलेल्यांना मिळणाऱ्या वाढीव मुदतीत) नाही. त्यातून घरभाडं निघत नाही, हे कळतं मला.

पैशांचा विषय निघालाच आहे तर ज्यांना नोकरी लागलीय त्यांच्यासाठी एक. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या बहुतेकांना पहिली ५ कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा सरकारी आरोग्य विमा) यांची कपात लागू नसते. माझ्या स्लिपवर ६.२ टक्के आणि १.४५ टक्के अशा दोन्ही ओळी होत्या, कारण छोट्या कंपनीतल्या पेरोलवाल्या बाईंना हा नियमच माहीत नव्हता. महिना ३,००० डॉलर पगार असेल तर जवळजवळ २३० डॉलर असेच जातात, महिन्याचा किराणा झाला तो! आधी कंपनीकडेच परत मागा. त्यांनी हात वर केले तर आयआरएसकडे (अमेरिकेच्या कर खात्याकडे) फॉर्म ८४३ आणि सोबत ८३१६ भरून पाठवा. वेळ फार लागतो, पण मला पैसे मिळाले. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) लागू झाल्यावर मात्र ही सूट जाते.